कुडाळहून एका दिवसात मालवण : गुडघे बदललेल्या बाबांना समुद्रापर्यंत कसं न्यायचं?

कारलीकाठची

नमस्कार मंडळी. मी मूळची कुडाळची, गेली अकरा वर्षं कॅलगरीत. तिथून समुद्र रस्त्याने हजारेक किलोमीटर. डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी घरी येतेय. गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरलं की तासाभरात आईच्या हातचा चहा. या वेळी मनात एकच गोष्ट धरून निघालेय, त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

माझे बाबा एस.टी.त चालक होते. नोकरीची बरीच वर्षं कुडाळ–मालवण फेरीवर गेली. दुपारच्या सुटीत डबा घेऊन बंदरावर जायचे, पाण्याकडे तोंड करून जेवायचे आणि परत गाडीवर. लहानपणी सुटीच्या दिवशी मलाही चालकाच्या मागच्या सीटवर बसवून न्यायचे. आता ते 76 वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी दोन्ही गुडघे बदलले. ऑपरेशन चांगलं झालंय, घरात काठीशिवाय फिरतात. पण समुद्र घरापासून तीसेक किलोमीटरवर असून चार वर्षांत त्यांनी पाहिलेला नाही. विषय काढला की म्हणतात, "माका नको, तुमी जावन येवा."

त्याचं कारण मला माहीत आहे. गेल्या खेपेला आम्ही सगळे जेवायला बाहेर गेलो होतो. जागा मीच निवडली होती, फोटो बघून. तिथे गेल्यावर कळलं की बसायची सोय वरच्या मजल्यावर, जिना अरुंद आणि कठडा एकाच बाजूला. "खाली एक टेबल लावून द्या" म्हटलं, त्यांनी नाही म्हणून सांगितलं. शेवटी बाबा गाडीत बसून जेवले, मांडीवर स्टीलची थाळी घेऊन. आम्हाला म्हणाले, तुम्ही वर जा, पोरीला भूक लागली असेल. ती थाळी माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. त्या दिवसापासून आपण बरोबर असलो की सगळ्यांचा खोळंबा होतो, हे त्यांच्या मनात पक्कं बसलंय.

तर मला हवंय ते असं. एकच दिवस, दुपारचं साधं जेवण आणि मग समुद्र. मोठं हॉटेल, स्कूबा, बोट यातलं काही नको. जेवायची जागा तळमजल्यावर हवी, खुर्ची-टेबल हवं आणि कमोड हवा. वाळूवर त्यांना फार चालायला लागू नये, पण गाडीच्या काचेतून समुद्र दाखवायचा नाहीये मला. पाण्याजवळ न्यायचंय.

आणखी दोन गोष्टी. माझी लेक सात वर्षांची आहे, तिला कोलंबी-खेकडा वर्गातल्या सगळ्याची ॲलर्जी आहे. मासे चालतात. औषधाचं पेन बरोबर असतंच. आणि मार्गशीर्षातले गुरुवार आई करते, त्यामुळे गुरुवार नको. सोमवारीही ती मासे खात नाही.

तारकर्ली मला माहीत आहे, पण तिथली मऊ वाळू तुडवणं बाबांना जमणार नाही असं वाटतं. कुणी असं घरच्या म्हाताऱ्या माणसाला नेलं असेल तर सविस्तर सांगा.

दांडीवरचा

ताई, मी मालवणातलाच, घर गाबितांचं, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांचं. तारकर्लीबद्दल तुमचं बरोबर आहे. गाडी लावायच्या जागेपासून पाण्यापर्यंत कोरडी वाळू पाय ओढते. तुम्ही चिवला वेळेवर, म्हणजे चिवल्याच्या किनाऱ्यावर या. रस्ता अगदी वाळूच्या कडेपर्यंत येतो, किनारा चंद्रकोरीसारखा आत वळलेला असल्यामुळे लाटाही बेताच्या.

पण जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. सुकती, म्हणजे ओहोटी बघून या. सुकतीला पाणी मागे गेलं की ओली वाळू उघडी पडते, ती घट्ट असते, तिच्यावरून सायकलसुद्धा जाते. भरतीला आलात तर ती सगळी पाण्याखाली आणि तुमच्या वाट्याला फक्त वरची भुसभुशीत वाळू. बाबांना त्रास देणार ती हीच.

मोबाइल नसला तरी हिशेब जमतो. तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, ती पुऱ्या भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सव्वासहा तासांनी पुरी सुकती. म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळी आलात तर पाणी तुमच्या पायापर्यंत आलेलं असेल, बसायला जागा नाही. त्रयोदशीला आलात तर भरती सकाळी पावणेदहाला, सुकती दुपारी चारच्या सुमारास. जेवून निवांत यायचं, समोर रुंद किनारा आणि सूर्य बुडेपर्यंत दोन तास हातात. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य सहाच्या आसपास बुडतो. या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण तेवढ्याने तुमचं बिघडत नाही.

नाताळ ते 1 जानेवारी अजिबात येऊ नका. बाजारातला रस्ता अरुंद, गाड्या तासन् तास हलत नाहीत आणि तुमच्याबरोबर असं माणूस आहे ज्याला मध्येच उतरून चालता येणार नाही. डिसेंबरात चिवल्यावर समुद्रात पोहण्याची राज्यस्तरीय स्पर्धाही असते, ते दिवसही टाळा.

सिंधुदुर्ग किल्ल्याचा विचार बाबांसाठी करू नका. होडीत चढता-उतरताना होडी हलते, तिथे गुडघ्याचा भरवसा नाही. किल्ला किनाऱ्यावरून डोळे भरून बघा.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर नशीब. पूर्वी सकाळी किनाऱ्यावर दोरीला दोन्ही बाजूंनी माणसं लागलेली असायची, वाटेने जाणारा हात लावायचा आणि त्यालाही चार मासे मिळायचे. तुमच्या बाबांनी नक्की बघितलेलं असणार. पर्ससीनची मोठी यांत्रिक जाळी आणि एलईडी दिव्यांनी मासे गोळा करणारे आल्यापासून रापणीला तसं लागत नाही, पण बंद पडलेली नाही.

वाटाणा_सांबार

जेवणाचं मी सांगते, मी दहा-बारा वर्षं खाणावळीचं स्वयंपाकघर सांभाळलंय.

लेकीच्या बाबतीत नुसतं "कोलंबी नको" म्हणून चालणार नाही. मच्छी थाळीत कडेला चमचाभर सुकी चटणी वाढतात, किसमूर. ती बहुतेक ठिकाणी सुक्या जवळ्याची असते आणि जवळा म्हणजे कोलंबीच्याच जातीतला. मागितलेली नसते, यादीत लिहिलेली नसते, वाढणारा सवयीने वाढून जातो. ताट येण्याआधीच सांगा की पोरीच्या ताटात किसमूर नको, आणि आधी वाढून मग काढलेलं ताटही नको. दुसरं, तवा. गर्दीच्या वेळी सुरमईची तुकडी आणि कोलंबी एकाच तव्यावर, एकाच तेलात, एकाच रव्यात घोळवून जाते. म्हणून दुपारी दीडला जाऊ नका. साडेअकरा-बाराला जा, तवा नुकताच चढलेला असतो, आणि आदल्या दिवशी फोन करून सांगा की एका पोरीचा मासा आधी, वेगळ्या रव्यात, ताज्या तेलात तळून हवा. घरगुती खाणावळीत हे करतात. तिथे मालकीण स्वतः चुलीपाशी असते, तिच्याशीच बोला, बाहेर उभ्या असलेल्या पोऱ्याशी नको.

त्याच फोनवर तीन प्रश्न विचारा: पायऱ्या किती, बाक आहेत की पाठीच्या खुर्च्या, कमोड आहे का. विचारायला संकोच करू नका. आमच्याकडे असा फोन आला की आम्ही ते टेबल धरून ठेवायचो.

मासा काय घ्यायचा ते त्या दिवशी काय आलंय ते विचारून ठरवा. पापलेट बहुधा आकारावर लावतात, भाव आधी विचारा. माझं मत विचाराल तर ताजा बांगडा शिळ्या सुरमईपेक्षा कधीही चांगला. बांगड्याच्या आमटीत तिरफळं असतात, लेकीला सांगा ती चावायची नाहीत, बाजूला काढायची. आणि आई-बाबांपैकी कुणाला मासे नको असतील तर आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार मागा. बाहेरगावचे लोक ते मागत नाहीत, म्हणून यादीत खाली कुठेतरी असतं.

परुळ्याचा

मालवण कशाला? कुडाळहून निवतीला या. पाट, परुळे करत रस्ता सुंदर, गर्दी मालवणच्या मानाने काहीच नाही, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. शांतपणा हवा असेल तर निवतीच.

दांडीवरचा

निवती सुंदरच आहे, वाद नाही. पण बाबांची फेरी मालवणची होती. त्यांना मालवणच दाखवायला हवं.

शुश्रूषा

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्या आईचेही गुडघे बदललेले आहेत. तिला गेल्या वर्षी गणपतीपुळ्याला नेलं होतं, त्यातून शिकलेलं सांगते.

प्लॅस्टिकची खुर्ची न्याल तर तिच्याखाली फळी न्या. माणूस बसलं की वाळूत खुर्चीचे मागचे पाय आधी रुततात, बैठक खाली जाते आणि मग उठताना गुडघ्यापेक्षा कंबर खाली राहते. गुडघे बदललेल्या माणसाला नेमकं तिथूनच उठता येत नाही. साधी प्लायवूडची फळी, खुर्चीचे चारही पाय तिच्यावर मावतील एवढी. खुर्ची हातवाली घ्या. बैठक उंच हवी, लागली तर वर उशी.

काठी वाळूत रुतते, तिच्यावर भार देऊ देऊ नका. तुमच्या कोपराला धरून चालू दे. पाण्यात घोट्यापर्यंतच. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, चांगल्या माणसाचाही तोल जातो. दोन बाजूंना दोघं उभे राहा आणि त्यांना खाली बघायला लावू नका, समोर बघू दे.

एक मनापासून सांगते. त्यांना "जमेल का?" असं विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर ही माणसं नेहमी नाही असंच देतात.

कारलीकाठची

परत येऊन लिहितेय. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही, म्हणून जसं झालं तसं सांगते.

त्रयोदशी मंगळवारी आली, आईचा गुरुवारचा प्रश्नच मिटला. शुश्रूषाताईंनी सांगितलं तसं बाबांना जमेल का म्हणून विचारलं नाही. म्हटलं, मला रस्ता आठवत नाही, पुढे बसून सांगाल का? लगेच शर्ट बदलून आले. नेरूर, नेरूरपारचा पूल, धामापूर, चौके, कुंभारमाठ. प्रत्येक थांबा आला की मागे वळून नातीला नाव सांगायचे. धामापूरला तलावापाशी थांबायला लावलं. तो 1530 सालचा तलाव आहे, हे मला माहीतच नव्हतं. भगवतीच्या देवळाला त्यांनी गाडीतूनच हात जोडले.

खाणावळीला आदल्या दिवशी फोन केला होता. पडवीत टेबल, एकच पायरी, आणि मालकिणीने स्वतः येऊन सांगितलं की मुलीचा बांगडा आधीच तळून झाकून ठेवलाय. किसमूर आली नाही. लेकीला काट्याचा मासा खायची सवय नाही, तिकडे सगळं काटा काढलेलंच मिळतं. बाबांनी तिचं ताट आपल्याकडे ओढलं. बांगड्याच्या पाठीवर अंगठा दाबला, वरची फाक अलगद बाजूला केली आणि शेपटीकडून धरून मधला काटा डोक्यासकट एका ओढीत उचलला. सगळा, कुठेही न मोडता. लेक बघतच राहिली. दुसरा बांगडा तिने स्वतः सोडवला. काटा दोनदा मोडला, पण सोडवला.

चिवल्यावर पोचलो तेव्हा पावणेचार. दांडीवरच्या दादा, तुमचा हिशेब चोख निघाला, पाणी लांब मागे गेलेलं. फळी घरातल्या जुन्या कपाटाची होती. ओल्या वाळूत ती टाकली, वर हातवाली खुर्ची ठेवली. बाबा दहा मिनिटं बसले असतील. मग चपला काढल्या, दोन्ही खुर्चीखाली नीट जोडून ठेवल्या आणि माझ्या कोपराला धरून उठले. नवरा दुसऱ्या बाजूला. घोट्यापर्यंत पाणी आलं तेव्हा त्यांच्या हाताची पकड एकदम घट्ट झाली, मग हळूहळू सैल झाली. बोलले काहीच नाहीत. मीही विचारलं नाही. गुडघ्यांवरचे ते दोन लांब व्रण ऑपरेशननंतर मी पहिल्यांदाच नीट बघितले, कारण लेंगा त्यांनी स्वतःच वर दुमडला होता.

रापण दिसली नाही. पण ती कशी ओढतात ते त्यांनी लेकीला वाळूत बोटाने काढून दाखवलं: होडी कुठून निघते, जाळं अर्धगोल कसं पडतं, दोऱ्या कुठे येतात. पाणी परत चढायला लागलं तसं ते चित्र पुसलं गेलं, तिने पुन्हा काढायला लावलं. सूर्य बुडेपर्यंत तेच चाललं होतं.

परुळ्याच्या दादा, मी परत गेल्यावर भाऊ त्यांना निवतीला नेणार आहे. फळी गाडीच्या डिकीतच आहे, काढायची नाही असं बाबांनी सांगितलंय.