मदत हवी आहे : नाव गुप्त राहील, पण उत्तर देता येईल अशी सोय कोणती?

इंदूरच्या राजेंद्रनगर भागात आम्ही साठ-पासष्ट महिलांचे मंडळ चालवतो. घरातील त्रास किंवा मंडळाबद्दलची तक्रार नाव न सांगता लिहिता यावी म्हणून आम्ही गूगल फॉर्म सुरू केला आणि ईमेल नोंदवण्याचा पर्याय बंद ठेवला. त्याआधीच्या पेटीत चिठ्ठ्या येतच नव्हत्या, कारण एकमेकींचे अक्षर सगळ्या ओळखतात. फॉर्मवर मात्र पहिल्याच आठवड्यात एकीने सासरच्या मारहाणीबद्दल लिहिले. "कोणाला कळणार नाही ना?" हे तिचे शेवटचे वाक्य होते. तिला उलट विचारण्याचा मार्गच नसल्यामुळे आम्ही आजही अस्वस्थ आहोत. पुढे एका कार्यकर्तीने पैसे खाल्ल्याचा आरोप तीनदा आला. हिशेब चोख निघाला, पण लिहिणारी एक की तिघी, हे कळले नाही.

एकाच उत्तराची मर्यादा घातली, तर गूगल खात्याने लॉग-इन करावे लागते आणि तिथेच बायका बिचकतात. व्हॉट्सॲप गटात नंबर दिसतो, फेसबुक गटातील निनावी पोस्टमागचे नाव ॲडमिनला दिसते, म्हणून दोन्ही सोडले. महिला हेल्पलाइनचा 181 हा क्रमांक फॉर्मवर दिलेला आहे. खर्च परवडणार नाही, शिवाय अनेकींचा फोन घरात सगळेच हाताळतात, त्यामुळे उत्तर फोनवर उघडे पडता कामा नये.

सांकेतिक क्रमांकाच्या चिठ्ठ्या मिसळून प्रत्येकीला एकेक उचलायला दिली आणि त्याच क्रमांकाने लिहायला सांगितले, तर नाव आमच्यापासूनही खरोखर लपलेले राहील का, की याहून सुरक्षित अशी मोफत सोय कोणी वापरली आहे?