बारावी विज्ञाननंतर गाण्यात पदवी घ्यावी का? (शास्त्रीय गायन, चोपडा)

चोपडेकर_बाबा
नमस्कार मंडळी. मुलगी बारावी विज्ञानला आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘मध्यमा पूर्ण’ ही परीक्षा झाली आहे, पट्टी काळी चार (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा तिचा ‘सा’). तिला बी.एस्सी. नको, गाण्यातच पदवी घ्यायची आहे. घरात दोन मतं आहेत. तिचे आजोबा म्हणतात, गाणं घरी शिक, पदवी दुसरी घे. मला तिला अडवायचं नाही, पण डोळे झाकून पाठवायचंही नाही. क्लासमध्ये जे मिळतं त्याहून वेगळं कॉलेजात काय मिळतं? मंडळाची पुढची परीक्षा विशारद, ती झाल्यावर पदवी लागतेच का? पुढे नोकरी कशात आहे? आणि जळगावातच ठेवावी की बाहेर पाठवावी? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

षड्ज_पंचम
भाऊ, पहिले तासांचा हिशोब मांडा, निम्मा निर्णय तिथेच होतो. सध्याच्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्राला ३० तास. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला दोन तास. चार श्रेयांकांचं गायन प्रात्यक्षिक असेल तर आठवड्याला आठ तास, म्हणजे ४८० मिनिटं. वर्गात बारा मुलं असली तर एकेकीच्या वाट्याला आठवड्याला ४० मिनिटं. एवढ्यात राग समजतो, गळा तयार होत नाही. म्हणून कॉलेज धरलं तरी गुरुजींची तालीम सोडायची नाही, आणि रियाजाचे रोजचे दोन-तीन तास वेगळे काढायचे. ज्यांची गाडी अडते त्यांची बहुतेक इथेच अडते. प्रवेश झाला की क्लास बंद होतो, आणि तीन वर्षांनी राग वीस-पंचवीस झालेले असतात, पण एकाही रागात पंधरा मिनिटं बढत (रागाचा विस्तार) करता येत नाही.

मग कॉलेज कशासाठी? विस्तारासाठी. क्लासमध्ये परीक्षेपुरते राग होतात. पदवीला भातखंड्यांचे दहा थाट (रागांचे मूळ स्वरसमूह), बावीस श्रुती, घराण्यांच्या गायकीतले फरक, समप्रकृतिक (मिळत्याजुळत्या) रागांची तुलना हे सगळं व्यवस्थित बसवून घेतात. भूप आणि देशकारचे स्वर तेच पाच. भूपात वादी (मुख्य स्वर) गंधार (ग) आणि चाल पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, देशकारात वादी धैवत (ध) आणि सगळी वस्ती उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात. हे वर्गात दहा जणांच्या तोंडून एकामागून एक ऐकलं की चुका कानाला कळायला लागतात. एकट्या क्लासमध्ये ही संधी कमी.

एक गोष्ट आत्तापासून पाहा, ती म्हणजे स्वरलिपी, गाणं लिहायची पद्धत. तिच्या वहीत पलुस्कर पद्धत आहे की भातखंडे? पलुस्कर लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक, भातखंडे लिपीत तेच डोक्यावरचं टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक. समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) खूण पलुस्कर पद्धतीत १, भातखंडे पद्धतीत ×. ‘खाली’ला (जिथे टाळी देत नाहीत त्या मात्रेला) पलुस्करात +, भातखंड्यांत ०. ज्या कॉलेजात जाणार तिथे कोणती चालते ते विचारून सुट्टीत दोन-चार बंदिशी त्या लिपीत उतरवून घ्या. पहिल्या सत्रात लेखी पेपरात मार्क जातात ते या टिंबांपायी.

तापीकाठ
विशारद आणि पदवी यांची गल्लत करू नका. मध्यमा पूर्णनंतर विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण अशा दोनच परीक्षा राहिल्यात. मंडळाच्या परीक्षा वर्षात दोनदा होतात, तेव्हा कॉलेज चालू असतानाच त्या आरामात बसतात. पण नोकरीच्या जाहिरातीत ‘पदवी’ लिहिलं असेल तर विशारदचं प्रमाणपत्र आपोआप तिच्या जागी चालत नाही. उलट काही विद्यापीठांत कोणत्याही शाखेची पदवी आणि विशारद यांवर एम.ए. संगीतला प्रवेश मिळतो. म्हणजे आजोबांचा मार्गही बंद नाही, फक्त त्या-त्या विद्यापीठाचं माहितीपत्रक आधी वाचा.

नोकरीचं सरळ सांगतो, दादा. महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळांत संगीत शिक्षकाची स्वतंत्र पूर्णवेळ जागा क्वचित दिसते. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर पट असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितलाय, पण तो अंशकालीन. केंद्रीय विद्यालयात प्राथमिक स्तरावर संगीत शिक्षकाचं पद असतं. बारावीला ५० टक्के आणि संगीतातली पदवी ही त्याची रूढ अट. म्हणून मुलीला सांगा, गाण्याच्या नादात बारावीचे मार्क सोडू नकोस. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. नेटचे दोन पेपर तीन तासांत सलग असतात, पहिला ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दुसरा पेपर सगळा संगीताचा. नुसतं छान गाणारी मुलं त्यात अडकतात, कारण ग्रंथ, इतिहास, वाद्यांचं वर्गीकरण वाचलेलं नसतं.

बी.ए. घेताना संगीत मुख्य विषय आणि जोडीला मराठी, इंग्रजी किंवा हिंदी ठेवा. पुढे बी.एड. करायची वेळ आली तर शाळेत शिकवायचा विषय हाताशी लागतो. प्रवेशाच्या दिवशी हे कोणी सांगत नाही आणि नंतर बदलणं अवघड जातं.

शिष्यवृत्तीचंही बघा. केंद्र सरकारची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयाला आहे, दोन वर्षं महिना ५,००० रुपये. गुरूंकडे किमान पाच वर्षं शिकल्याचा दाखला लागतो. प्रारंभिक या पहिल्या परीक्षेपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका आणि गुरुजींचं पत्र एका फाईलला लावून ठेवा.

भुसावळ_जंक्शन
जागेबद्दल. आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या हद्दीतल्या प्रत्येक कॉलेजात संगीत नाही. जिथे आहे तिथे ते मुख्य विषय म्हणून तीन वर्षं घेता येतं की दोन श्रेयांकांचा ऐच्छिक विषय आहे, एवढं विचारा. दोन्ही ठिकाणी फलकावर ‘संगीत विभाग’ असंच लिहिलेलं असतं.

बाहेर पाठवायचं तर आपल्याला रेल्वेची सोय चांगली आहे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र गुरुकुल पद्धतीचं, जागा मोजक्या. बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रयोगजीवी कलांची स्वतंत्र विद्याशाखा आहे, तिथली संगीतशाळा १८८६ पासूनची. नंदुरबारकडच्या लोकांना सुरत लाइनने ते पुण्याहून सोपं. छत्तीसगडमधलं खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय (१९५६) लोक विसरतात. भुसावळहून नागपूर-गोंदिया मार्गाची गाडी, राजनांदगाव किंवा डोंगरगडला उतरून पुढे बस. सगळं विद्यापीठच कलांचं आहे.

मात्र वसतिगृहाबद्दल एक प्रश्न प्रत्यक्ष जाऊन विचारा: सकाळी पाच-साडेपाचला खर्ज (खालच्या सप्तकातले स्वर) लावायला खोली उघडी मिळते का, किल्ली कोणाकडे असते? चार मुलींच्या खोलीत पहाटे मंद्रातला षड्ज (सा) लावता येत नाही. संगीत विभाग दहाला उघडून पाचला बंद होत असेल तर रियाज करायचा कुठे? चोपड्याहून रोज जळगाव येणं-जाणं केलं तरी सकाळ एसटीत जाते आणि पहाटेचा रियाज पहिल्याच महिन्यात सुटतो. त्यापेक्षा जळगावात नातेवाइकांकडे खोली बरी. शिवाय जानेवारीतला बालगंधर्व संगीत महोत्सव घराजवळ ऐकायला मिळतो, आणि मैफल समोर बसून ऐकणं हा शिक्षणाचाच भाग आहे.

चोपडेकर_बाबा
मनापासून आभार. तासांचा हिशोब आजोबांना वाचून दाखवला, त्यांनाही पटला. तालीम चालू ठेवून संगीत मुख्य विषय आणि जोडीला मराठी, असं ठरतंय. प्रवेशाला पुण्याच्या धर्तीची स्वरचाचणी (गाऊन दाखवायची परीक्षा) असेल तर तयारी काय करावी? तिने आतापर्यंत स्पर्धेत ट्रॅकवर (ध्वनिमुद्रित साथीवर) भावगीतंच जास्त गायलीत.

लयकारी
दादा, ट्रॅक आजपासून बंद करा. ट्रॅक लय स्वतः धरून ठेवतो, त्यामुळे गाणाऱ्याला आपली लय सुटतेय हे कळत नाही. चाचणीला तानपुरा आणि तबल्याचा ठेका एवढंच असतं. हार्मोनियमवर प्रत्येक स्वर वाजवून त्याच्या मागे गायची सवय असेल तर तीही सोडवा, नाहीतर पेटी थांबली की स्वर उतरतो.

एकच राग नीट तयार करा: विलंबित (संथ) एकतालात बडा ख्याल, तीनतालात छोटा ख्याल. मिळून दहा मिनिटं मिळतील असं धरून घड्याळ लावून बसवा. आलाप अडीच-तीन मिनिटांत आटोपून तार षड्जाला पोहोचता आलं पाहिजे. बऱ्याच जणी मंद्रातच वेळ घालवतात आणि ताना दाखवायच्या आत ‘पुरे’ ऐकतात. तबलजीकडे न बघता समेवर येता यायला हवं.

ताल हातावर विचारतात. तीनताल सगळ्यांना येतो, झपताल आणि रूपकात फजिती होते. रूपकाची सम ‘खाली’च्या मात्रेवरच आहे, सात मात्रा ३-२-२, पहिल्या मात्रेला टाळी नाही. झपताल दहा मात्रांचा, २-३-२-३. दुगुन (दुप्पट लय) एका आवर्तनात बसवायची तर सहाव्या मात्रेपासून, कारण दहा बोलांना पाच मात्रा लागतात. चौगुनला (चौपट लयीला) अडीच मात्रा लागतात, म्हणजे साडेसात मात्रा सोडून आठवीच्या मध्यावर सुरुवात. हे रोज दहा मिनिटं टाळी देत मोठ्याने म्हणून घ्या, मनात म्हणून होत नाही.

ऐकून स्वर ओळखायला देतात. कोमल रिषभ आणि कोमल धैवत वेगळे ओळखता येत नसतील तर भैरवचं आरोह-अवरोह रोज दहा वेळा, मध्येच कुठेही थांबून ‘आता कोणता स्वर?’ असं घरच्यांनी विचारायचं. गाणं न येणाऱ्यालाही हे करता येतं, तुम्हीच करा.

राहिला राग कोणता. काळी चारच्या षड्जाला लागेल असा मोठ्या तोंडाचा ढाला (खालच्या स्वराचा) तबला चाचणीला ठेवलेला असेलच असं नाही. नेहमीचा तबला पंचमात (‘प’ स्वरात) लावून साथ करतात. काळी चारचा पंचम म्हणजे काळी दोन, आणि काळी एकचा तबला तिथपर्यंत बहुधा चढतो. यमन, भीमपलास, भूप यांत पंचम आहे, तेव्हा ठेका गाण्यात मिसळून जातो. मालकंस निवडला तर पंचम वर्ज्य, मग तबला मध्यमात (‘म’ स्वरात), म्हणजे काळी एकला उतरवावा लागतो. आधी सांगितलं नसेल तर तिच्या दहा मिनिटांतली तीन-चार मिनिटं हातोडी चालण्यातच जातात. तेव्हा यमन किंवा भीमपलास घ्या, आणि खोलीत शिरल्या-शिरल्या साथीदाराला नमस्कार करून पहिलं वाक्य ‘काळी चार, तबला पंचमात’ हे बोलायला सांगा.