मदत हवी आहे: सामुराई कुत्र्याच्या सिनेमाची मराठी उपशीर्षकं

फोंड्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये ‘पॉज ऑफ फ्यूरी’ (2022) मुलांना दाखवायचा आहे. परवानगी झाली, अडलंय ते उपशीर्षकांवर. गोष्ट 1974च्या एका विनोदी वेस्टर्नवरून उचललेली. काऊबॉयच्या जागी सामुराई (जुने जपानी योद्धे), माणसांच्या जागी बोलणारी मांजरं, आणि त्यांच्या गावाचा रखवालदार हँक नावाचा कुत्रा. नवीन काही नाही, पण मुलं हसतात.

एसआरटी फाईल (उपशीर्षकांच्या ओळी नि त्यांच्या वेळा असलेली) सेकंदाला 25 फ्रेमच्या प्रतीवर बेतलेली, आपला व्हिडिओ 23.976चा. दहाव्या मिनिटाला ओळी 25 सेकंद आधी येतात, तासाभराने अडीच मिनिटं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये जी-एच ही बटणं दाबून उपयोग नाही, त्याने सगळ्या ओळी सारख्याच सरकतात. सबटायटल एडिट या उपशीर्षकांच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट बदलला की हे सुटतं.

खरी अडचण पुढे. फाईल यूटीएफ-8मध्येच (देवनागरी चालणाऱ्या युनिकोड साच्यात) आहे, तरी हॉलच्या जुन्या लॅपटॉपवर जोडाक्षरं तुटतात, ‘कुत्र्या’चं ‘कुत् र्या’ होतं. फाँट बदलून भागेल, की ओळी व्हिडिओतच पक्क्या छापाव्यात?

दुसरं, ‘शोगुन’ला (जुन्या जपानचा लष्करी सत्ताधीश) काय लिहावं? ‘राजा’ चुकीचं, कारण सम्राट वेगळा, ‘सरसेनापती’ लांबलचक. घरी कोंकणी बोलणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या पोरांना दोन सेकंदांत वाचता यायला हवं. सुचवा कोणीतरी.