तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं काय?

लेखन शिकवायला सगळ्या थरांतले शिक्षक घेतले तर दर्जा घसरेल, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या कॉलेज-लेखनशिक्षकांच्या परिषदेने १९७४ मध्येच विद्यार्थ्यांचा स्वतःच्या बोलीवरचा हक्क मान्य केला. तो वर्गात उतरवायचा तर तशी बोली घरात ऐकलेले शिक्षकही हवेत.

मुंबईत ते आहेत, पण कितीतरी जण तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरतेच पैसे. सकाळी एक कॉलेज, दुपारी लोकल पकडून दुसरं, सुट्टीत मानधन बंद. चर्चासत्राला जायचं तर नोंदणी शुल्क खिशातून, वर बुडालेल्या तासांचे पैसेही गेले. मग व्यासपीठावर तेच ते चेहरे दिसणारच! आधी त्यांचं शुल्क माफ करा, आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांवरही त्यांना घ्या.