मदत हवी आहे: सॉलिडवर्क्स कॅममध्ये एच७ ची भोकं आपोआप रीमरला कशी लावायची?

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं जॉबवर्कचं शॉप आहे. व्हीएमसीवर (उभ्या सीएनसी मिलिंग मशीनवर) मुख्यतः फिक्स्चर प्लेटा करतो, म्हणजे टॅपिंगची, बोल्टची, डॉवेलची (भाग अचूक जागी बसवणाऱ्या पिनांची) भोकंच भोकं. प्रोग्रॅमिंग सॉलिडवर्क्स कॅम या सॉफ्टवेअरवर. मॉडेल उघडलं की फीचर आपोआप ओळखली जातात आणि टेक्नॉलॉजी डेटाबेसमधून प्रत्येकाला ऑपरेशन, टूल, स्पीड-फीड लागतं. पॉकेट, काउंटरबोअरला हे फार छान चालतं.

अडतं ते डॉवेलपाशी. १० एच७ म्हणजे भोकाचा व्यास १०.००० ते १०.०१५ मिमी. आमची पद्धत: सेंटर ड्रिल, ९.८ चं ड्रिल, मग रीमर (भोक अचूक मापाला आणणारं टूल). पण गिऱ्हाईक थ्रीडी मॉडेलची साधी स्टेप फाइल पाठवतं. तिच्यात फक्त आकार असतो, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) पीडीएफ ड्रॉइंगवर. त्यामुळे १० चं डॉवेल होल आणि १० चं नुसतं क्लिअरन्स होल (बोल्ट सैल जाण्यापुरतं) सॉफ्टवेअरला सारखंच दिसतं, दोन्हींना ड्रिलचीच स्ट्रॅटेजी लागते. मग ड्रॉइंग समोर धरून एकेक भोक रीमवर बदलत बसायचं. मोठ्या प्लेटवर एखादं नजरेतून सुटलं की डॉवेल ढिली आणि प्लेट भंगारात.

टॉलरन्स बेस्ड मशीनिंगबद्दल वाचलंय. सॉलिडवर्क्समधल्या डायमएक्स्पर्टने मॉडेलवर टॉलरन्स टाकला की त्या रेंजप्रमाणे स्ट्रॅटेजी निवडली जाते. पण टॉलरन्स हातानेच टाकायचा तर कष्ट वाचले कुठे? स्टेपच्या एपी२४२ या प्रकारात टॉलरन्स येऊ शकतो, पण आमच्याकडे तशी फाइल कुणी पाठवत नाही. काही डिझायनर एच७ च्या भोकांना वेगळा रंग देतात. त्या रंगावरून स्ट्रॅटेजी लावायची सोय कुणी केली आहे का?

दुसरी गोष्ट माझ्यासाठी जास्त महत्त्वाची. आमचे सेटर (मशीनवर जॉब आणि टूल लावून देणारे) काका लवकरच निवृत्त होतायत. ईएन८ स्टीलला रीमर किती आरपीएमवर, किती मटेरियल ठेवून चालवायचा, सगळं त्यांच्या वहीत आहे. ते मला डेटाबेसमध्ये उतरवायचंय. कार्बाइडच्या १० च्या एंडमिलला १२० मीटर प्रतिमिनिट धरलं तर सूत्राने साधारण ३८२० आरपीएम येतो. चार दात, दाताला ०.०५ मिमी धरलं तर फीड ७६४ मिमी प्रतिमिनिट. पण टूल होल्डरबाहेर जास्त निघालं असेल तर काका हाच फीड बराच खाली आणतात, आणि फिनिश बघितलं की त्यांचंच बरोबर असतं. ही ओव्हरहँगची अट डेटाबेसमध्ये कशी घालायची? की लांब आणि आखूड टूल वेगवेगळी नोंदवून प्रत्येकाला वेगळा फीड द्यायचा?

ज्यांनी स्वतःच्या शॉपचा डेटाबेस बसवलाय त्यांनी सुरुवात कुठून केली, मटेरियलपासून की टूल क्रिबपासून (शॉपमधल्या टूलांच्या यादीपासून), तेवढं सांगितलंत तरी मोठी मदत होईल. काका आहेत तोवर हे काम उरकायचंय.