व्हीसीआर: आवाज स्पष्ट, चित्राच्या जागी मुंग्या. हेड घरी साफ करता येतं का?

घंटाळीकर (ठाणे):
घराचं रंगकाम काढलंय म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा बाबांचा व्हीसीआर आणि सहा कॅसेटी सापडल्या. एकीवर दादाची मुंज आहे, मे १९९१. आजीने स्वतः रचलेली मंगलाष्टकं ती त्यात म्हणते. तिचे फोटो आहेत, पण चालती-बोलती आजी एवढ्या एकाच कॅसेटवर आहे.
परवा लावली. दोन मिनिटं चित्र छान होतं, मग आडवे पट्टे आले आणि पडदाभर मुंग्या. आवाज मात्र येत राहिला. घाबरून दुसरी कॅसेट लावली तर तिच्यावरही मुंग्याच. स्टेशनजवळच्या एका दुकानात विचारलं तर "हेड गेलं, भंगारात द्या" म्हणाले. खरंच गेलं असेल का?

नेरुळवासी:
क्लीनिंग कॅसेट मिळते का बघा. आम्ही पूर्वी दर महिन्याला लावायचो.

ड्रमवाला (वाशी):
ताई, भंगारात अजिबात देऊ नका. आणि मुंजीची कॅसेट सध्या मशीनमध्ये घालू नका.

मी अठरा वर्षं व्हीसीआर, व्हीसीपी दुरुस्त केले. तुमच्या प्रश्नातच निदान आहे. साधा आवाज टेपच्या कडेच्या पट्टीवर असतो आणि तो वाचणारं हेड एका जागी स्थिर असतं. चित्राची हेडं असतात फिरत्या ड्रमवर, आणि आपल्याकडच्या PAL या टीव्ही पद्धतीच्या मशीनमध्ये हा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. आवाज नीट येतोय म्हणजे टेप बरोबर सरकतेय. चित्र दोन मिनिटांत गेलं म्हणजे हेड झिजलेलं नाही, बुजलंय. झिजलेलं हेड असं एकाएकी जात नाही. हेडची फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक असते, तिथे बुरशीचा कण अडकला तरी पुरतं.

बुरशी म्हणतोय कारण मला तिचाच संशय आहे. कॅसेटच्या खिडकीतून आत टॉर्च मारा. रिळावर पांढरट पूड किंवा जाळी दिसली तर दोष मशीनचा नाही, कॅसेटचा आहे. आधी हेड साफ करून तीच कॅसेट लावलीत तर दोन मिनिटांत पुन्हा तेच होणार.

आता हेड. प्लग काढा, मग वरचं झाकण उघडा. मधोमध चकचकीत, किंचित तिरका बसवलेला गोल दिसेल, तो ड्रम. त्याच्या चकचकीत बाजूला बोट लावायचं नाही, फिरवायचा तो वरून धरून. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल, एक प्रकारचं स्पिरिट) मिळतं, ९९ टक्क्यांचं घ्या. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. कोऱ्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी आयपीएत भिजवा, ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम सावकाश फिरवा. कागदावर काळी-तपकिरी रेघ उमटेल. पट्टी बदला, पुन्हा फिरवा, रेघ उमटायची थांबली की थांबा.

कागद वर-खाली हलवायचा नाही. हेडचं टोक फेराइटचं असतं, काचेच्या बांगडीसारखं तुटतं. शिकाऊ असताना मी कापसाचा बोळा उभा फिरवला होता. टक्क असा बारीक आवाज आला आणि गिऱ्हाइकाचं मशीन कायमचं आंधळं झालं. त्यानंतर ड्रमजवळ कापूस कधी नेला नाही, त्याचे धागेही हेडला अडकतात. आवाजाच्या हेडला आणि टेप ओढणाऱ्या बारीक दांड्याला कापूस चालतो. शेजारचं रबरी चाक मात्र साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, स्पिरिटने रबर कडक होतं.

अर्धा तास वाळू द्या, मग जिची फिकीर नाही अशी स्वच्छ कॅसेट लावून बघा.

नेरुळवासी, कोरडी क्लीनिंग कॅसेट हेडला अक्षरशः घासते. अडीनडीला एकदा ठीक, दर महिन्याला नको.

घंटाळीकर:
काका, तुमचं खरं निघालं. मुंजीच्या रिळावर पिठासारखा पांढरा थर आहे. पाच पट्ट्या लागल्या, पहिल्या दोन चक्क काळ्या झाल्या. एका जुन्या क्रिकेट मॅचची कॅसेट स्वच्छ होती, ती लावली आणि चित्र आलं! मी आणि बाबा तासभर बघत बसलो. आता मुंजीची लावू का?

ड्रमवाला (वाशी):
नको, अजून नको. पावसाळ्यात तर नकोच, ओल्या बुरशीला हात लावला की ती पसरते. कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, पुड्या बदलत राहा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की गॅलरीत बसून, नाका-तोंडाला मास्क लावून काम करा. कॅसेटच्या खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात. झाकण काढताच मोबाइलवर फोटो घ्या, आतल्या स्प्रिंगा कुठे होत्या ते नंतर आठवत नाही. सुती नको, चष्मा पुसायचं कोरडं फडकं घ्या. हाताने रीळ फिरवत टेप त्यातून अलगद जाऊ द्या, ओढू नका. वेळ लागेल, लागू द्या.

आणि पहिल्यांदा प्ले दाबायच्या आधी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू झालेलं असू द्या. अशी टेप दुसऱ्यांदा तेवढंच दाखवेल याची खात्री नसते. मुंग्या दिसल्या की लगेच थांबवा, पुन्हा कागद.

घंटाळीकर:
काका, डिसेंबर उजाडला. रीळ पुसायला दोन रविवार गेले. काल रेकॉर्डिंग लावून प्ले केलं. मध्ये दोनदा मुंग्या आल्या, दोन्ही वेळा थांबवून कागद फिरवला. आठही मंगलाष्टकं मिळाली. आजी कागद न बघता म्हणते, आणि सहाव्याला अडखळल्यावर आजोबा मागून शब्द सांगतात. आजोबा त्यात आहेत हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. उरलेल्यांपैकी चार कॅसेटी डब्यात ठेवल्यात, पुड्या कालच बदलल्या.