आबांच्या डब्यातलं तांब्याचं नाणं: हा राजा कोण?

कलमवाला_गुहागर
नमस्कार मंडळी. मी नाण्यांतला नाही. आंब्याची कलमं, थोडी सुपारी, एवढाच आपला व्याप. यंदा पाऊस लागायच्या आत माळा झाडायला घेतला, तर आजोबांचा (आम्ही आबा म्हणायचो) बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत वस्तरा, तुटलेली जपमाळ आणि दोन नाणी.

पहिलं तांब्याचं, स्टीलच्या जुन्या चार आण्यांहून जरा लहान. एका अंगाला डोक्यावर पानांची माळ घातलेला पोरगेला चेहरा. दुसऱ्या अंगाला भाले घेतलेली दोन माणसं आणि त्यांच्या मधोमध चक्क गुढीसारखं काहीतरी. कडेने इंग्रजी अक्षरं.

दुसरं सोन्याचं, पातळ, वर कडी डाखलेली. एक माणूस उभा, एक गुडघ्यावर, मध्ये काठी. आजी हिला पुतळी म्हणायची.

आता भानगड अशी की माझा चुलतभाऊ सांगत सुटलाय, "आबांना असगोलीच्या पुळणीत गावली." पुण्याचं कोणी गिऱ्हाईक त्याने गाठलंय. 'कोकणात सापडलेलं रोमन नाणं' म्हटलं की भाव चढतो म्हणे. मला आठवतंय ते एवढंच की आबा बोटीवर आगवाले होते, म्हणजे इंजिनाच्या भट्टीवर कामाला.

खरं काय समजायचं? आणि हो, मी बघेपर्यंत आईने तांब्याच्या नाण्याची चेहऱ्याची बाजू चिंच लावून घासली होती. रागावू नका.

नाणेवेडी_अलिबाग
रागावतेच आहे. तांब्यावर शेकडो वर्षांत जो हिरवा-काळा थर बसतो, तोच त्याचं चिलखत असतो. आता दुसऱ्या बाजूला हात लावू नका. चिंच नको, राख नको, टूथपेस्ट तर नकोच.

सोनाराकडून वजन करून घ्या. मग दुपारच्या तिरप्या उन्हात धरून अक्षरं एकेक करून इथे लिहा. गुढीच्या खाली आडवी रेघ असेल, तिच्याखालची अक्षरंही हवीत. आणि गुढ्या नक्की किती, एक की दोन?

कलमवाला_गुहागर
वजन १.४ ग्रॅम. गुढी एकच. चेहऱ्याभोवती सी-ओ-एन-एस-टी-ए-एन, पुढे आईची कृपा, मग व्ही-एस, आय-व्ही-एन, एन-ओ-बी, सी. रेघेखाली एस-एम-ए-एल-बी. मुलीने मोबाइलच्या भिंगातून वाचलं, मला आपलं किडामुंगीच दिसत होतं.

नाणेवेडी_अलिबाग
मुलीला माझ्यातर्फे एक हापूस जास्त द्या. तिने सगळंच सोडवलंय.

रोमन लोक यू ऐवजी व्ही कोरायचे. म्हणजे आय-व्ही-एन हे 'युनिअर', धाकटा. सम्राट कॉन्स्टंटाइनने पोरांची नावं अशी ठेवली की नाणी वाचणाऱ्याने कपाळावर हात मारावा: कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टॅन्शियस, कॉन्स्टन्स. मधली अक्षरं चिंचेने खाल्ली तरी 'युनिअर' शाबूत आहे, म्हणून हा दुसरा कॉन्स्टंटाइन. याच्याहून मोठा सावत्रभाऊ क्रिस्पस होता, त्याला ३२६ मध्ये बापानेच मारवलं.

एन-ओ-बी सी म्हणजे 'नोबिलिसिमस सीझर', आपल्याकडच्या युवराजासारखा हुद्दा. बाप मे ३३७ मध्ये वारला आणि त्याच सप्टेंबरात ही पोरं 'ऑगस्टस', म्हणजे सम्राट झाली. म्हणजे नाणं त्याआधीचं. आता गुढी. ती पलटणीचं निशाण आहे, आणि शिपायांच्या कडेने 'ग्लोरिया एक्झर्सिटस', सैन्याचा गौरव, असं लिहिलेलं असणार. ३३० पासून या नाण्यावर दोन निशाणं असायची. ३३५ च्या सुमारास नाणं हलकं केलं आणि निशाण एकच ठेवलं. तुमचं १.४ ग्रॅम त्यात बसतं. म्हणून ३३५ ते ३३७, एवढ्या चिंचोळ्या पट्टीत तुमचं नाणं पडतं. आपल्याकडच्या कितीतरी नाण्यांच्या बाबतीत शतक ठरवतानाच भांडणं होतात!

चेहऱ्यावर मात्र जाऊ नका. या काळातले सगळे मुखवटे एकाच साच्यातले. चेहरे बघायचे तर पहिल्या शतकातल्या सम्राटांचे बघा. नीरोची मान वर्षागणिक जाडजूड होत जाते आणि व्हेस्पाशियन तर सुरकुत्यांसकट बाजारात भाव करणारा म्हातारा दिसतो.

रेघेखालचं एस-एम 'साक्रा मोनेटा' म्हणजे शाही टांकसाळ, ए-एल अलेक्झांड्रिया, बी म्हणजे तिथला दुसरा कारखाना. मिसर! तुमचे आबा बोटीवर होते ना? बोट सुएझवरून जायची का?

वाशिष्ठीकाठ
पण ताई, रोमन लोक आपल्याकडे येतच होते की. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक सागरी प्रवासाच्या माहितीपुस्तकात चौल आहे, कल्याण आहे. मग असगोलीच्या पुळणीत एखादं नाणं का नसेल?

नाणेवेडी_अलिबाग
येत होते, कोण नाही म्हणतंय! चौल तर माझ्या घरापासून पाऊण तासावर. पण पेरिप्लस पहिल्या शतकातलं, हे नाणं चौथ्या. मध्ये तीनेकशे वर्षं गेली. पेरिप्लसमध्येच लिहिलंय की कल्याणला चुकून लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई, म्हणजे सगळा काळ सुखाचा नव्हता. भारतात सापडलेली रोमन चांदी मुख्यतः ऑगस्टस आणि टायबेरियस या पहिल्या दोन सम्राटांची, आणि तीही बहुतेक दक्षिणेत. चौथ्या-पाचव्या शतकातली अशी तांब्याची चिल्लर तमिळनाडूत आणि श्रीलंकेत निघते. आपल्या बाजूला रोमन नाणी फार थोडी. एक तर्क असा की ती चांदी इथे वितळवून क्षत्रपांनी, म्हणजे त्या काळच्या इकडच्या शक राजांनी, आपली नाणी पाडली. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर नाणी मिळाली, त्यातल्या नऊ हजारांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्याभोवती मोडकीतोडकी ग्रीक अक्षरं आहेत, ती एकदा बघाच.

आणि चुलतभावाला एक सांगा. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं. 'पुळणीत गावली' असं गिऱ्हाइकाला लिहून दिलं तर उद्या तोच कागद याच्या गळ्यात येईल. तेही घासलेल्या चारपाचशे रुपयांच्या नाण्यासाठी. अशी नाणी जगात ढिगांनी आहेत हो.

वाशिष्ठीकाठ
बरं, पटलं. भावाचं निघालंच आहे तर माझंही ऐका. टायबेरियसची चांदी म्हणून मी ऑनलाइन साडेचार हजारांना एक घेतलं. मागे खुर्चीवर बसलेली बाई, सगळं यथास्थित. महिन्याभराने दुसऱ्याच जाहिरातीत तेच नाणं दिसलं. टायबेरियसच्या कानामागे तीच खोच, काठाला तोच तुटका तुकडा. हातोड्याने पाडलेली दोन नाणी अशी जुळी कशी असतील? माझ्याची कड भिंगाखाली धरली तर सभोवार शिवण, ओतकामाची. हल्ली ते किल्ल्यांना अडकवलंय.

पेढीवरचा
मी चौथ्या पिढीचा सोनार, रोमन मला कळत नाही, पण पुतळी कळते. पुतळीहारातली पुतळी मूळची व्हेनिसची डुकाट. उभा आहे तो संत मार्क, गुडघ्यावर तिथला प्रमुख, मधली काठी निशाणाची. दुसऱ्या बाजूला लांबट चौकटीत चांदण्यांमध्ये येशू. अस्सल असेल तर साडेतीन ग्रॅम आणि अक्षरं वाचता येतील. पण आपल्याकडच्या कारागिरांनी दागिन्यांसाठी तिच्या नकला ढीगभर केल्या. नकलेत अक्षरांच्या नुसत्या काड्या होतात आणि त्या दोन मूर्ती बघता बघता राम-सीतेसारख्या दिसू लागतात. नक्कल असली तरी सोनं सोनंच. कडी मात्र काढू नका, डाख उतरवताना चेहरा जातो.

कलमवाला_गुहागर
सगळ्यांचे आभार. पुतळीवर काड्याच आहेत, म्हणजे नक्कल. ती आत्याच्या मुलीच्या लग्नात द्यायचं ठरलंय.

काल आबांची नळी मिळाली. बोटीवरच्या नोकरीच्या पुस्तकाला आमच्याकडे नळी म्हणतात, पूर्वी ती पत्र्याच्या नळकांड्यात ठेवायचे. १९३६ ते १९५२, मुंबई-लंडन, मुंबई-लंडन, मधल्या लढाईतसुद्धा. लढाईची काही वर्षं सोडली तर सुएझ टाळून जाणार कुठे! तरी खात्री म्हणून मुंबईला आत्याला फोन लावला. ती ब्याऐंशीची आहे. हसायलाच लागली. म्हणाली, "अरे, मिसरात पोर्ट सैदला बोटीला होड्या लागायच्या, त्यातला एक फेरीवाला साबणाच्या बदल्यात असली मूठभर नाणी द्यायचा. आम्ही पोरी त्यांनी अंगणात खेळायचो. एक उरलं होय?"

चुलतभावाला हे सांगितलं तर तो आता बाकीची कुठे गेली म्हणून अंगण उकरायला निघालाय. तिथे गेल्याच वर्षी मी पेव्हर ब्लॉक घातलेत.

नाणेवेडी_अलिबाग
ब्लॉक राहू देत. आणि ती नळी आणि आत्याचं बोलणं एका कागदावर लिहून नाण्याबरोबर ठेवा, तारखेसकट. नाहीतर दोनशे वर्षांनी कोणीतरी तुमचं अंगण खणेल आणि गुहागरला रोमन वखार होती म्हणून प्रबंध लिहील.